साधारण डॉक्टर

(गंगापूर रोडवर वकील शुभांगी यांचं ऑफिस. समोर रंगनाथ आणि बयाबाई, गुलाबाची शेती करणारं जोडपं. रंगनाथांच्या बगलेत कुबडी.)

बयाबाई : नाय ताई, साधारन कशाला म्हनता? आमचे डॉक्टर लय मोठे हायेत. भिंतीभर सर्टिफिकिटं लावल्यात.

शुभांगी : त्यांना नाही हो म्हणत. त्यांच्या जागी दुसरा साधारण डॉक्टर असता, तर त्याने काय केलं असतं? कोर्ट हेच विचारणार.

रंगनाथ : दुसरा कोन? आमी तर ह्यांच्याकडंच गेलतो.

शुभांगी : तसा खराखुरा कुणी नाही, काका. मनाने धरायचा.

बयाबाई : मनानं धरलेला डॉक्टर कोर्टात येनार?

शुभांगी : राहू द्या. पुन्हा पहिल्यापासून सांगा. गुलाबाचा काटा पायात मोडला. मग?

रंगनाथ : जखम भरंचना. जाईल तवा पट्टी बदलायचे, सोताच्या हातानं. लय काळजी घेतली त्यांनी. खोटं कशाला बोलू?

शुभांगी : शुगर तपासली का?

रंगनाथ : नाय. मला शुगर हाय हे मलाच कुठं ठाऊक होतं? पाय काळा पडला, मंग दुसऱ्या दवाखान्यात कळलं. तवर कापायचाच राह्यला होता.

शुभांगी : हेच तर. नुसता पाय गेला म्हणून डॉक्टर चुकले, असं कायदा म्हणत नाही. पण जखम भरत नाही म्हटल्यावर कुठल्याही साधारण डॉक्टरने आधी शुगर बघितली असती.

बयाबाई : म्हंजे एवढा मोठा डॉक्टर साधारनापेक्षा कमी पडला?

शुभांगी : बरोबर.

बयाबाई : काळजी घेऊनबी?

शुभांगी : ती काळजी वेगळी, बयाबाई. कायद्याची वेगळी.

बयाबाई : माझं तर डोकंच चालंना.

रंगनाथ : मंग साधारनाकडं गेलो असतो, तर पाय राह्यला असता?

शुभांगी : ते... ते वेगळं सिद्ध करावं लागेल, काका.

रंगनाथ : मला तेवढंच इचारायचं होतं.

शुभांगी : त्यासाठीच एक डॉक्टर लागेल. कोर्टात उभं राहून सांगणारा, की माझ्यासारख्या साधारण डॉक्टरनेसुद्धा शुगर बघितलीच असती. तुमच्या ओळखीत आहे कुणी?

बयाबाई : ताई, ह्यांना धरून सावकाश चालत आले ना, तर रस्त्यानं डॉक्टरांच्या सगळ्या पाट्या वाचून झाल्या. साधारन कुनीच नव्हता.