मुडीतला राता

आमी मूळच्या खाडीकाठच्या. न्हावा शेव्याला जाताना आता जिथं ट्रेलर उभे रातात ना, तिथं आमची खाचरं व्हती, खारं पानी शिरलं तरी तगून राहील असं एकच भात त्यात पिकायचं, लाल तांदळाचं, राता म्हनायचे त्याला. जमीन बंदरात गेली, नवऱ्याला यार्डात हमाली मिळाली, आनि मी रस्त्याला शेड टाकून ड्रायव्हर लोकांना जेवन घालायला लागले, सुकटीचं कालवन नि तांदळाची भाकरी, भाकऱ्या पायजे तेवढ्या घ्या, असं ओरडून सांगायची. काय सांगू तुमाला, तिशी गाठली नव्हती, नाकात चमकी नि डोक्यात हवा.

तेव्हाची माझी अक्कल ऐका. मासळी धक्क्यावर स्वस्त मिळते का नाय, मग तांदूळ बंदराजवळ स्वस्तच होनार, असं मी साऱ्या आळीला छातीठोक सांगितलेलं. गोन्यांचे ट्रक समोरून जायचे नि मी हसायची, बघा गं, तांदूळ आपल्या दारात चालत आला. माझी सासू, आमची आय, म्हनाली, येडे, तो येत नाय, जातोय. मी म्हटलं आय, तुला काय कळतंय बंदरातलं. मला जसं लय कळत व्हतं!

मग एका साली तांदूळ असा चढला की दुकानात नुसतं विचारून परत यायचं. वानी म्हनायचा, भायेरच्या देशात भाव मिळतोय, व्यापारी सगळा माल जहाजाला लावतात, आमाला उरलासुरला. अहो, कोंबड्यांना टाकायची ती कनी, ती पन जहाजात चढली. एक यूपीचा ड्रायव्हर जेवायला बसलेला, त्याला विचारलं, भय्या, गाडी में क्या है, तर म्हनतो चावल है भाभी, बाहर जाएगा, एक रोटी और दो. दिली. काय करनार.

पीठ संपत आलं. पुढच्या ढाब्यावर चपाती मिळत व्हती, एक दिवस भाकरी नाय म्हटलं की गिऱ्हाईक तिकडं गेलंच. घरात तांदूळ म्हनून एकच उरलेला, पेंढ्याच्या मुडीत बांधलेलं आयचं बी. शेत नव्हतं तरी दर पावसाळ्यात घरामागच्या चिखलाच्या तुकड्यात ती मूठभर राता लावायची, आलेलं परत मुडीत बांधून आढ्याला टांगायची. कशाला गं आय, विचारलं तर म्हनायची, बी जितं ठेवायला.

ती बहिनीकडं गेली तशी मी मुडी उतरवली. उखळात कांडलं, पाखडलं, दळून आनलं, आनि स्वतःवर अशी खूश, की बघा, भाववाढीला कशी टांग मारली! भाकऱ्या झाल्या लालसर. ड्रायव्हर म्हनाले, भाभी, मिट्टी मिलाई क्या? अर्ध्यामुर्ध्या टाकून उठले नि गेले चपातीकडं.

संध्याकाळी आय आली, भुकेजलेली. ताटातला एक तुकडा तोंडात घातला नि तिचं चावनंच थांबलं. वर आढ्याकडं बघितलंन. मग साऱ्या ताटांतले उष्टे तुकडे गोळा केले, खाली बसली, मिठाबरोबर एकेक खाल्ला. म्हनाली, लय दिसांनी आपलं खाल्लं. आनि मी शहानी, मला वाटलं खूश झाली, म्हटलं उद्या पन करते की. तिनं माझ्याकडं बघितलं. कशाची गं, म्हनाली.

दुसऱ्या दिवशी दुपारभर ती सुपात तूस घेऊन बसली, बोटांनी चाचपत, एखादा दाना राहिला असेल म्हनून. एक नाय मिळाला. कामात मी लय चोख, असं लगनात माझं कौतुक झालेलं.

आज मी तिच्या वयाची हाय. गावोगाव विचारून बघितलं, राता कोनाकडं नाय, कुनाची जमीन गेली, कुनी माझ्यासारखं खाल्लं. सून विकतच्या पिठाच्या पांढऱ्याफेक भाकऱ्या करते, चांगल्या करते, मी मुकाट खाते. तुमी पन जेवूनच जा. देव तुमाला पोटभर देवो बाबा, फक्त जहाजवाल्यांना विचारून नको.