शनिवारी चार वाजता, कासेगावकर सर

काळ! मंडळी, काळ हा अनंत आहे! सूर्य-चंद्र त्याच्या पोटात फिरतात, युगंच्या युगं त्याच्या एका पापणीत मिटतात. राजे आले, राजे गेले – काळ जागचा हलला नाही! त्याला आदि नाही, त्याला अंत नाही!

आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी आत्ताच कानात सांगितलंय, की बुवा, साडेसातला आटपा. आठ वाजता याच हॉलमध्ये पिंकीचा वाढदिवस आहे. फुगे आलेले आहेत. मागं वळून बघू नका! तर अनंत काळापैकी आपल्या वाट्याला आलाय पाऊण तास. बोला – विठ्ठल, विठ्ठल!

मंडळी, ऐका. एक प्रश्न विचारतो. कामाचा वेळ कुणाचा, ते आपल्याला पाठ आहे – साहेबाचा. पण मोकळा वेळ? तो कुणाचा? तुम्ही म्हणाल, ‘आमचा!’ बरं. मग त्याचं तुम्ही करता काय? आणि ज्या माणसामुळे आपण दोन घास कमवायला लागलो, त्याच्या वाट्याला त्यातला किती येतो? काकू, मान खाली घालू नका, मी सगळ्यांनाच विचारतोय. तबलजींनासुद्धा.

उत्तर मी देणार नाही. उत्तर मिलिंद रेठरेकर देईल.

कोण हा मिलिंद? पुण्यात राहतो. कंपन्या-कंपन्यांत जाऊन कॉम्प्युटर शिकवतो. नोकरी नाही, फ्रीलान्स! म्हणजे काय? एक साहेब नको म्हणून नोकरी सोडली आणि आता चाळीस साहेब झाले – त्याला फ्रीलान्स म्हणतात. आज हिंजवडीत एक्सेलचे तक्ते शिकव, उद्या चाकणला ई-मेल शिकव, परवा एका बँकेत जाऊन ‘वेळेचं नियोजन’ शिकव. त्या दिवशी तो जेवला होता का? नाही. वेळ मिळाला नव्हता!

पण माणूस गुणी हो! बोटं अशी चालायची, की बघणाऱ्यानं बघत राहावं. कीबोर्डकडे नजर नाही. बोलतोय समोरच्याशी, हसतोय, आणि खाली बोटं आपली आपण कामाला लागलेली! लोक विचारायचे, “सर, हे कुठं शिकलात?” तो म्हणायचा, “इस्लामपूरला.” लोकांना वाटायचं, विनोद करतोय.

विनोद नव्हता. इस्लामपुरात कासेगावकर टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. एका दुकानावर माडी, माडीवर टेबलं, टेबलांवर काळी टाइपरायटरं. आहाहा! मंडळी, तुमच्यातल्या किती जणांनी तो आवाज ऐकलाय? पत्र्यावर गारा पडाव्यात तसा सगळा वर्ग वाजतोय, मधेच कुठं तरी टिंग! – आणि खर्रर्र करून कागद धरणारं कॅरेज मागं. बघा, पेटीवाल्या नानांचे डोळे कसे चमकले! नाना, नापास झाला होतात ना?

तिथं गोविंद कासेगावकर सर पांढरा बुशशर्ट घालून वर्गातून फिरायचे. कुणी बोटांकडे बघितलं, की गळ्यातला मफलर काढून त्याच्या हातांवर पसरायचे. “मिल्या, डोळे कागदावर. बोटं आंधळी असली तरी चालतील, तू होऊ नकोस.” आणि टिंग वाजली रे वाजली, की सरांचा नियम – हात उचलायचा! आधी शब्द पुरा करायचा, कॅरेज मागं न्यायचं, एक श्वास घ्यायचा, मग पुढची ओळ. घाई केली, की तोच कागद पुन्हा पहिल्यापासून.

मिलिंदच्या वडिलांना फी जमेना, तेव्हा सर म्हणाले, “सकाळी येऊन मशिनं पूस. तुझी फी तीच.” त्या पुसलेल्या मशिनांवर पोरगा पुण्याला आला, मोठा झाला, त्याचा ‘मिलिंद सर’ झाला!

आता लबाडी ऐका! कीर्तनात लबाडी आली, की माणसं सरसावून बसतात. अनुभव आहे माझा.

मिलिंदचं कॅलेंडर त्याच्या गिऱ्हाइकांना दिसायचं. कुठला दिवस मोकळा, कुठला भरलेला – सगळं उघडं. आणि या धंद्याची एक रीत आहे. कॅलेंडर पांढरं फटक दिसलं, की समोरचा म्हणतो, ‘याला कोणी विचारत नाही वाटतं!’ म्हणून ही माणसं मोकळ्या दिवसावर काहीतरी खोटं लिहून ठेवतात. चौकोन भरलेला दिसला पाहिजे. हसू नका. तुम्ही बसमध्ये शेजारच्या सीटवर पिशवी ठेवता, ते काय असतं?

तर एका रिकाम्या शनिवारी मिलिंद विचार करू लागला – काय लिहावं? विचार व्हायच्या आधीच बोटांनी लिहून टाकलं – ‘चार वाजता, कासेगावकर सर, भेट.’ एंटर! चौकोन रंगला. झकास! मग दुसरा शनिवार, मग तिसरा. जिथं भोक, तिथं सरांचं ठिगळ! आणि जायचं? छे हो! जायचं कशाला? खरं काम आलं, की सर पुसायचे आणि कंपनी लिहायची. नाहीच आलं, तर सोफ्यावर पडून फोन बघत बसायचा. घरी बायको अनघा विचारायची, “आज सुट्टी आहे ना?” हा म्हणायचा, “आहे गं, पण बिझी दिसतोय.”

आता चूक ऐका. अशी चूक तुमच्या-माझ्या हातून व्हायची नाही, त्यासाठी हुशार माणूस लागतो! एका दिवाळीला मिलिंदनं सरांना आपला जुना टॅब दिला होता, आणि स्वतःच त्यांचा ई-मेलही उघडून दिला होता. कॅलेंडरला तो पत्ता ठाऊक. यानं ‘कासे’ लिहिलं, की मशीन नम्रपणे विचारायचं – ‘हेच का? यांना निमंत्रण पाठवू?’ आणि याची बोटं आंधळी! एंटर, एंटर! दर खेपेला निमंत्रण इस्लामपूरला!

तिथून उत्तर यायचं. पण यानं ते कधी पाहिलंच नाही. का? ‘वेळेचं नियोजन’ या वर्गातला याचाच पहिला नियम – फोनवरच्या सगळ्या सूचना, नोटिफिकेशन्स, बंद करा! आणि चौकोनावरची बारीक खूण? चौकोन भरलाय ना, मग बघतो कोण!

विठ्ठल, विठ्ठल!

मग एका बुधवारी पुण्यात एका कंपनीत वर्ग चाललेला. विषय – कॅलेंडर कसं वापरावं. मिलिंदनं स्वतःचंच कॅलेंडर भिंतीवर मोठ्ठं लावलं. “निमंत्रणावर हिरवी खूण दिसली, की समजायचं, समोरचा माणूस येतो म्हणाला.”

मागच्या बाकावरून अकाउंट्सच्या नीलोफर मुजावर बाईंनी हात वर केला. “सर, तुमच्या या शनिवारवर हिरवी खूण आहे. कासेगावकर सर. म्हणजे ते येतो म्हणाले, बरोबर?”

मिलिंदनं वळून भिंतीकडे पाहिलं. “अं… हो.”

“मागच्या शनिवारवर पण आहे. त्याच्या मागच्या पण! जरा मागं घ्या ना, सर.” यानं मागं घेतलं. हिरवं, हिरवं, हिरवं! बाईंनी गालाला हात लावला. “अय्या सर! तुम्ही दर शनिवारी तुमच्या सरांना भेटायला जाता? आम्ही वर्षात एक फोन करत नाही हो!”

आणि मंडळी, वर्गानं टाळ्या वाजवल्या! कुणी चोर म्हटलं असतं, तर त्याला बरं वाटलं असतं. ह्या टाळ्या गालावर बसत होत्या. त्याच्या डोळ्यांसमोर फक्त एक म्हातारा – टॅब मांडीवर घेऊन, चष्मा कपाळावर सारून ‘हो’ वर बोट ठेवणारा. आणि मग चार वाजता? चार वाजता तो काय करत असेल?

चहाच्या सुट्टीत मॅनेजर सबनीस आले. “मिलिंद सर, आनंदाची बातमी! वर्षभराचं काम तुम्हालाच द्यायचं ठरतंय. फक्त मोठ्या साहेबांना एक नमुन्याचा वर्ग दाखवायचा. या शनिवारी, चार वाजता.”

बघा! देव परीक्षा घेतो तेव्हा वेळसुद्धा तीच निवडतो! वर्षभराचं काम – म्हणजे घराचा हप्ता, मुलीचा क्लास, सगळं निर्धास्त. आणि पुसायचं काय? एक खोटा चौकोन. आजवर कितीदा पुसला होता!

“शनिवारी…” मिलिंदनं कप खाली ठेवला. “शनिवारी मी बिझी आहे.”

मंडळी, हे वाक्य तो आयुष्यभर बोलत आला होता. खरं पहिल्यांदा ठरलं!

“अहो, साहेब एकच दिवस आहेत! दुसऱ्याला विचारावं लागेल मग.”

“विचारा. मला इस्लामपूरला जायचंय.”

शनिवारी हा निघाला. वाटेत बोटं चुळबुळतायत – काय सांगायचं? माफी कशी मागायची? आणि माडीवर कुणी नसलंच तर? हिरव्या खुणेत माणसाची तब्येत दिसत नाही हो!

जिना चढला. दार उघडं. दारात खुर्ची, खुर्चीत इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट, आणि बुशशर्टात – खूप वाळलेले, पण सरच!

सरांनी घड्याळ पाहिलं. “सव्वाचार झाले, मिल्या.”

मागच्या बिऱ्हाडातून सरांच्या घरच्या काकू ओरडल्या, “खरंच आला? अगंबाई! दर शनिवारी तुझ्या वाटणीचे पोहे करते मी, आणि दोन्ही बश्या हेच संपवतात. तुझ्या नावानं यांची साखर वाढली!”

मिलिंद पायाशी बसला. “सर, मी… ते खरं नव्हतं. मी चौकोन भरायला तुमचं नाव…”

“ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे?”

“मास्तर होतो रे मी. गैरहजर पोरगा दोन-चार खेपांत ओळखू येतो.”

“मग दर वेळी ‘हो’ का म्हणालात, सर?”

सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “आता मला हाक मारणारं फार कोणी उरलं नाही, मिल्या. तू खोटी का होईना, मारत होतास. कुणी नाव घेतलं, तर ओ द्यावी.”

मंडळी, इथं अभंग म्हणायचा असतो. पण आज नको. नाना, तुम्ही नुसता सूर धरा.

हं. मग सरांनी कोपऱ्यातलं एक मशीन दाखवलं. बाकीची विकली, एक ठेवलं होतं. “बस. टाइप कर काहीतरी.” मिलिंद बसला. सरांनी उठून गळ्यातला मफलर काढला आणि त्याच्या हातांवर पसरला – तोच मफलर असेल का? कोण विचारतो! खालून बोटं निघाली. टकटक टकटक, आणि – टिंग!

मिलिंदचे हात चालूच! हातांवर चापट बसली. “घंटी वाजली ना? हात उचल!”

“सर, सवय गेली. कॉम्प्युटरला घंटी नसते. ओळ संपली, की अक्षरं आपली आपण खाली उतरतात.”

“म्हणून तुम्हाला थांबायचं कळत नाही,” सर म्हणाले. “आणि हे बघ. घंटी ओळ संपल्यावर वाजत नाही. संपायच्या जरा आधी वाजते. हातातला शब्द पुरा करण्याइतकी जागा ठेवते. माझी वाजलीय, मिल्या. शब्द पुरा करायला आलास, बरं केलंस.”

“पोहे गार होतायत!” आतून काकू.

मग दोघांनी पोहे खाल्ले. सर खुर्चीतच पेंगले. मिलिंद शेजारी बसून राहिला. फोन खिशात. काम काही नाही, घाई काही नाही. खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला तरी हाका मारतंय, उन्हं जिन्यावर उतरतायत, आणि लहानपणीचा तो तेलाचा आणि शाईच्या रिबिनीचा वास अजून त्या भिंतींना आहे. त्या संध्याकाळी त्याचं कॅलेंडर काय दाखवत होतं? भरलेला चौकोन. आणि तो खरोखर भरलेला होता!

त्या वर्षभराच्या कामाचं काय झालं? देवानं ते परत मिळवून दिलं, असं सांगायला मला फार आवडलं असतं. कीर्तनात तशीच पद्धत आहे. नाही मिळालं हो! दुसऱ्याला गेलं. अनघा चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, “पुढच्या शनिवारी मी पण येते. त्या काकूंना पोह्यांतून सुट्टी देऊ.”

मंडळी, आता तुमची पाळी. तुमच्या पोटापाण्याच्या मागे कुणाचा तरी मफलर आहे. कुणी अक्षर शिकवलं, कुणी हिशोब, कुणी पहिल्या नोकरीत पाठीशी उभं राहिलं. त्याला ‘एकदा भेटायला यायचंय हं’ म्हणून आपण किती निमंत्रणं धाडलीत? आणि तिकडून हिरवी खूण करून, धुतलेला शर्ट घालून कोण बसलंय दारात? माझेही एक आहेत, कऱ्हाडला. घरी जाऊ नका, उद्यावर टाकू नका. इथूनच, बसल्या जागेवरून त्यांना फोन लावा! मीही लावणार आहे. बोला – विठ्ठल, विठ्ठल!

…फक्त एक विनंती. त्या डाव्या खांबाशी मी माझा फोन चार्जिंगला लावला होता, तो काढून कुणीतरी आपला लावलाय. लावा, माझं काही म्हणणं नाही. पण निदान बटण तरी चालू करा.