रुपाबाईच्या दारातली लाल तुती

रुपाबाई : घासा, बाई! हे रिठ्याचं पानी, हे फडकं. साऱ्या किन्हीराजा गावात सांगत फिरल्या ना, का रुपीचं पाखरू म्हंजे रंगवलेला चिमना? निघू द्या रंग! निघाला तं पिंजरा तुमच्याच हातानं उकिरड्यावर फेका.

नानीबाई : फेकीन! जऊळक्याच्या ठेसनावर असे लय ठग बसतेत. चिमन्याले लाल रंगात बुडवतेत अन् पहाडी पाखरू म्हनून गळ्यात मारतेत. आपले मालक भोळे. लढाईपाई दिव्याले घासलेट भेटत नाही, अन् यायले धाकट्या बायकोसाठी पाखरू सुचते! धर नीट. पाय नको धरू वं, मोडन! मुठीत घे.

रुपाबाई : घेतलं. आता घासा.

नानीबाई : घासूनच तं राह्यली.

रुपाबाई : दाखवा ना फडकं! पाहा, कोरंच्या कोरं! जरासाई डाग नाही!

नानीबाई : वरडू नको, भिते थे. चोच पाहू दे. जाडी आहे. चिमन्याच्या गळ्याखाली काळं असते, इथं तं डोक्यापासून छातीलोक लालच लाल. पोट पांढुरकं. शेपटी मंधात चिरलेली.

रुपाबाई : मंग मुनिया असन.

नानीबाई : मुनिया येवढी मोठी कुठं वं? अन् तिच्या अंगावर पांढरे ठिपके असतेत. घाल पिंजऱ्यात. हे बोलते कसं?

रुपाबाई : सकाळी बारीक शीळ देते. तुई, तुई... शेवटाले आवाज वर चढवते, जसं काई इचारून राह्यलं.

नानीबाई : अन् खाते काय?

रुपाबाई : जवारी. दाना चोचीत फिरवते, फोतर खाली टाकते. परवा उंबर देल्लं तं त्यातल्या बियाच फोडत बसलं.

नानीबाई : तुती आहे.

रुपाबाई : काय आहे?

नानीबाई : लाल तुती. खरंच पहाडातलं पाखरू. माहा बाप मेळघाटात जंगलाचा नाकेदार होता. थंडीत याचे थवे येत तिकडं, दूर उत्तरेच्या पहाडातून. उन्हं तापले का चालले वापस. लाल असते तो नर. मादी चिमनीवानी मातकट, कोनी पाहत बी नाही तिच्याकडं.

रुपाबाई : म्हंजे ठगले नाहीत माहे मालक! खरं पाखरू आनलं माह्यासाठी!

नानीबाई : माहे?

रुपाबाई : आपले. चुकलं, बाई.

नानीबाई : चुकलं कायचं! मी या घरात आली तवा तू लुगडं बी नेसत नव्हती. मले त्यायनं कवा साधी चिमनी नाही आनली. जळून राह्यली मी, रुपे, तोंडावर सांगून ठेवते. थे इथं पिंजऱ्यापाशी बसून तुह्याशी हसतेत अन् तिकडं माह्या चुलीवरची भाकर वाळते. पन तू बी जास्त नाचू नको. पिंजऱ्यात याचा रंग टिकत नाही.

रुपाबाई : हे बी जळूनच बोलता तुमी.

नानीबाई : जळूनच. पन खोटं नाही. बापानं एक पोसलं होतं. पिसं झडली अन् नवी आली थे पिवळट, मातीवानी. काय काय खाऊ घातलं, उन्हात ठेवलं, लाल काई फिरून आला नाही. मंग बाप त्याच्याकडं पाहे बी ना. दाना-पानी माहीच माय करे.

रुपाबाई : हे बी तसंच होईन?

नानीबाई : होईन. अन् मालक बी मंग या दारात बसनार नाहीत, पाह्यजो तू.

रुपाबाई : असं...

नानीबाई : अवं, हे काय? पिंजऱ्याचं दार कायले उघडून राह्यली?

रुपाबाई : जाऊ द्या. लाल आहे तवरच जाऊ द्या.

नानीबाई : लाव दार! येडी झाली का? नाव माह्यावर येईन, रुपे! अवं... गेलं!

रुपाबाई : कवठावर बसलं. थे पाहा, उडालं.

(दोघींचा नवरा हेमसिंग बैल बांधून आत येतो.)

हेमसिंग : रुपा, हे घे, तुह्या पाखराले हुरड्याचं कनीस आनलं... पिंजरा खाली? नाने! हे तुहंच काम!

रुपाबाई : मी सोडलं जी.

हेमसिंग : तू कायले सोडशीन? थंडी वाजन म्हनून पिंजऱ्यावर सोताचं पांघरून टाकनारी तू!

रुपाबाई : खरंच मीच सोडलं. बाई तं दार लाव, दार लाव म्हनत होत्या.

हेमसिंग : पाह्य नाने, पाह्य! तुहं पाप हे पोरगी आपल्या डोक्यावर घेऊन राह्यली. गरीब गाय आहे बिचारी. रडू नको रुपा. जऊळक्याले जाऊन दुसरं आनतो तुले, याहून लाल.

रुपाबाई : मले नको.

नानीबाई : आना तिले. पाखरू मी नाही सोडलं. जळून राह्यली, हे मात्र खरं आहे.

हेमसिंग : मंग तुले बी आनू काय एक?

नानीबाई : मले पाखरू नको. एखाद्या सांजेले माह्या चुलीपाशी जेवाले या.