तिसऱ्या भागापासून

सन्माननीय अध्यक्ष जगदेवराव देशमुख, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती गोमतीबाई, आणि रिसोड व आसपासच्या खेड्यांतून अगत्याने आलेल्या बंधूंनो आणि भगिनींनो,

कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून गोमतीबाईंनी काय केलं, ते आधीच्या वक्त्यांनी सांगितलं. उद्या त्या बदलीवर अकोल्याला निघतील. वाचनालयाचा चिटणीस या नात्याने मी एकाच सभेची हकिकत सांगणार आहे. अध्यक्षमहाराज, आपली परवानगी गृहीत धरतो. आपण हसताय, म्हणजे ती मिळालीच!

तेव्हा आपला विदर्भ अजून मध्यप्रदेशात होता. वाचनालयाच्या काचेच्या कपाटात ‘मेघदुर्ग’ ही पाच भागांची अद्भुत कादंबरी होती. उडते घोडे, बोलणारे डोंगर, ढगांतला किल्ला! पण वाचत कुणी नव्हतं. का? पहिला भाग बदली झालेल्या एका साहेबांच्या सामानातून गेला, तो परत आला नाही. आणि आपला नियम असा, की आधीचा भाग वाचल्याशिवाय पुढचा मिळणार नाही. पहिला नाही म्हणून दुसरा नाही, दुसरा नाही म्हणून तिसरा नाही. चार धडधाकट पुस्तकं कुलपात बसली होती.

रिठदच्या चतुराबाई गोमतीबाईंच्या प्रौढ वर्गात अक्षरं शिकल्या. तिकडे पुढच्या रांगेत बसल्या आहेत त्याच. एका बाजारच्या दिवशी त्या वाचनालयात आल्या आणि त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं. तिसऱ्या भागाच्या वेष्टनावर उडत्या घोड्यावर बसलेली बाई होती.

“मले थेच पुस्तक पायजे.”

मी नियम सांगितला. त्या म्हणाल्या, “आता कुठं वाचाले शिकली, अन् तुमी कुलूप दाखवता?” आणि डोळ्यांना पदर लावून पायऱ्या उतरल्या. आयुष्यातलं पहिलं पुस्तक मागायला आलेली बाई रिकाम्या हाताने गेली.

गोमतीबाईंना हे कळलं. त्यांनी वाचनालयातल्या वार्षिक सभेत ठराव मांडला, की आधीचा भाग नसला तरी हाती असेल तो वाचायला द्यावा, आणि चतुराबाईंना सोबत आणलं. अध्यक्षमहाराज कडाडले, “पाया घातल्याशिवाय माडी चढते का, बाई? लेखकानं क्रम काय उगाच लावला?”

गोमतीबाई शांतपणे म्हणाल्या, “क्रमानं वाचायला मिळालं तर सोन्याहून पिवळं. मी शाळेत क्रमानंच शिकवते. पण पहिला भाग हरवला म्हणून उरलेल्यांना वाळवी लागू द्यायची?”

“पण मधूनच वाचून समजणार काय?” अध्यक्षांनी विचारलं.

तेव्हा चतुराबाई उठल्या. अध्यक्षांकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाल्या,

“दादासाहेब, मी रिठदले नांदाले आली, तवा सासरची अर्धी कहानी होऊन गेलती. सासू अन् जावेचं काहून पटत नाई, दीर कोनाशी काहून बोलत नाई, मले कोनं पयला भाग वाचून दाखोला? मंधातच घुसली ना मी! तरी समजलं सारं. अन् पुढची कहानी तं मीच चालोली!”

मग अशी टाळी पडली, की बाहेरचे बैल बिचकले! मतं घेतली. पहिला हात वर गेला तो कस्तुराबाईंचा, म्हणजे खुद्द अध्यक्षांच्या सौभाग्यवतींचा. त्यांच्यामागे बायकांची अख्खी रांग, मग तरुण मंडळी. ठराव दणदणीत बहुमताने पास झाला.

आणि आता आपल्या अध्यक्षांचा मोठेपणा ऐका. हरलेला माणूस तोंड फिरवून घरी जातो. हे उठले, किल्ली मागून घेतली, स्वतः कपाट उघडलं आणि पुस्तक चतुराबाईंच्या हातात दिलं. “वाचा,” म्हणाले, “इथंच वाचा. आम्हीही ऐकतो.”

चतुराबाईंनी ओळीखाली बोट धरलं. गोमतीबाई शेजारी उभ्या होत्या, पण एक अक्षर त्यांनी सुचवलं नाही. एकेक शब्द जुळवत, थांबत, घाम पुसत चतुराबाईंनी वाचलं, “आणि... पूल... कोसळला. राणी... एकटीच... पलीकडे... राहिली.”

त्यांनी मान वर केली. चेहरा असा उजळला होता, की तो मी जन्मात विसरणार नाही. आणि कोण बोललं ठाऊक आहे? आमचे जगदेवराव! खुर्चीच्या टोकाला येऊन म्हणाले, “थांबलात काहून? पुढं वाचा ना!”

गोमतीबाई, सारं गाव त्या दिवशी आपल्यामुळे ऐकत उभं राहिलं. रिसोडचा आणि रिठदचा नमस्कार घेऊन जा. अध्यक्षांनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला एखादा शब्द टोचला असेल, तर तो माझा उणेपणा समजून पोटात घाला. नमस्कार.