इंजिनाला लावलेली पावडर

मंगळवार, आभाळ स्वच्छ, हवेत गारठा. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी जोशीकाका म्हणाले, "तुमच्या जुन्या पिकअपचं तेल पार्किंगमध्ये गळतंय. रविवारपर्यंत थांबवा, नाहीतर गाडी रस्त्यावर लावा."

गळती कुठून, ते सापडेना. मी इंजिन पुसून कोरडं केलं आणि त्यावर बायकोची पावडर भुरभुरली.

काका वाकून बघत म्हणाले, "काय, हिला आज बघायला येणार आहेत का?"

"तुम्ही आलातच की!" बायको म्हणाली.

येरवड्यापर्यंत चक्कर मारून आलो. पांढऱ्या पावडरीत वरून खाली एकच काळी रेघ उमटली होती. ती जिथून सुरू झाली, तिथे इंजिनावरच्या झाकणाचा, म्हणजे टॅपेट कव्हरचा, मागचा बोल्ट ढिला होता. तो पाऊण फेरा आवळला आणि गाडीखाली एक पुठ्ठा अंथरला.

रविवारी काकांनी गाडीखालचा पुठ्ठा उचलून दोन्ही बाजूंनी पाहिला. पुठ्ठा कोरडा होता.