जीपनं मुलाखतीला

तुम्ही एस.टी. चुकल्याचं सांगताय, मला तर गाडी दारात असून पळावं लागलं होतं. नगरच्या एका शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखत होती. शेवगावहून सकाळची एस.टी. चुकली, म्हणून मामांनी आपली जुनी जीप काढली. आदल्या दिवशीच दसरा झालेला.

स्टार्टर मारला की इंजिन घरघर फिरायचं, पण चालू काही होईना. मामांनी पेट्रोल पाहिलं, ते होतं. मग बॉनेट उघडलं आणि मामीला हाक मारली.

"काल पूजेला गाडी धुतली, ती कुठवर धुतली?"

"आतूनपन धुतली. हळदीकुंकू लावायचं आन् इंजिन तसंच घान ठेवायचं व्हय?"

इंजिनला ठिणगी पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात पाणी शिरलं होतं. मामीनंच ते पदरानं कोरडं केलं आणि मला म्हणाली, "बस गं, घाबरू नको."

मी बसले. मामांनी पुन्हा स्टार्टर मारला आणि सायलेन्सरमधून असा बार उडाला, की मी थेट उडी मारून अंगणात. जीप मात्र चालू झाली आणि मामा निघालेसुद्धा.

"मामा, थांबा ना!"

"थांबलो तर बंद पडंल. पळत ये, मी लई हळू चालवतो."

एका हातात चपला, दुसऱ्या हातात निऱ्या धरून मी वेशीपर्यंत पळाले. तिथं मामांनी हात देऊन मला चालत्या जीपमध्ये ओढून घेतलं.

शाळेत वेळेवर पोचले. मुख्याध्यापिकाबाईंनी माझे धुळीनं भरलेले पाय पाहिले.

"चालत आलात?"

"नाही बाई," मी म्हटलं, "घरची जीप आहे."