स्टोफीला काय चालतं, काय नाही

...आणि काटेरी नूर्सचं झुडूप घराबाहेर गेलं, ठीक, त्याचा चीक डोळ्यात गेला तर माणूसही नाचतो. कोरफड गेली, जाऊ दे. पण स्पेकबूमनं कुणाचं काय घोडं मारलं होतं, सांगा ना मला? शेळ्या खातात, आम्ही मटणात टाकतो त्याची आंबट पानं, आणि तोही बाहेर ओट्यावर! का? तर घरात मांजर आलंय. मी काही बोललो का? नाही बोललो.

तुम्हाला सांगतो, हे सगळं मेव्हणीमुळं. मॅग्रीता. केपटाउनहून आली, एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात टोपली, टोपलीत ही स्टोफी. "द्रीना, अगं मांजराच्या घरात असली जाड पानांची झाडं? एक पान खाल्लं की संपलंच!" झालं. माझी बायको बाह्या सरसावून उभी, "हेन्ड्री, उचल कुंड्या." मेंढ्या कातरून कातरून कंबर गेलीय माझी, तरी उचलल्या. आत येऊन बघतो तर माझ्या खुर्चीत मांजर! मी काही बोललो का?

आता माझ्या पायाच्या करंगळीला आहे कुरूप. त्यावर आमच्या या कोरड्या कारू मुलखात एकच इलाज, प्लाकीच्या झाडाचं जाड पान. सोलायचं, ओली बाजू कुरपावर, वर चिंधी. आजीही हेच करायची. म्हणून ओट्यावरच्या प्लाकीचं एक पान मी आत आणलं, कबूल. पण ते झाड होतं का? औषध होतं हो! प्लाकी शेळ्यांना विष, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं... पण माझ्या पायावरच्या चिंधीत कुठली शेळी तोंड घालणार?

जेवून जरा डोळा लागला. जाग आली तेव्हा चिंधी जमिनीवर, पान गायब, आणि स्टोफी खुर्चीखाली ओकतेय, पाय लटपटताहेत, मान वाकडी.  ही मान मी शेळ्यांची पाहिलीय. अशी मान टाकलेली शेळी सहसा परत उठत नाही.

एका पायात बूट, मांजर शर्टात, तसाच गाडी काढून गुरांच्या फिसर डॉक्टरकडे. त्यानं कोळशाची पूड पाजली, सुई टोचली. म्हणाला, "हेन्ड्रीकाका, पान मिळालं कुठून हिला?" मी पाय वर केला. त्यानं पाय बघितला, मांजर बघितलं, आणि खरं सांगतो, त्याला मांजराची जास्तच कीव आली.

मी बसलो तिला मांडीवर घेऊन. म्हटलं, "स्टोफी, खुर्ची तुझी, जन्मभर तुझी, मी ब्र काढणार नाही. फक्त मान उचल गं बाई." संध्याकाळी उचलली. आणि कडकडून चावली मला! मी रडलो हो. मांजरासाठी, या वयात!

मग डॉक्टरनं द्रीनाला फोनवर नीट समजावलं. स्पेकबूम निर्धोक, खुशाल घरात ठेवा. विषारी तेवढं बाहेर. द्रीना डॉक्टरचा शब्द खाली पडू देत नाही. स्पेकबूम उचलून खिडकीत ठेवला, मग माझ्या पायाकडे बघितलं. "हेन्ड्री, कुरूप जाईपर्यंत तूही बाहेर."

तर आता ओट्यावर आम्ही चौघं. नूर्स, कोरफड, प्लाकी आणि मी. स्टोफी आतून बघते, माझ्या खुर्चीतून. मी काही बोललो का? ...बोललो असतो हो. पण शब्द दिलाय ना तिला.